छकुलीच्या अंगावरची घोंगडी

मित्रांनो, हसू नका, पण तरुणपणी मी भारी टोचायचे! मी एक जुनी, काळी घोंगडी आहे, भवानीनगरजवळच्या बिरूआबांच्या घरातली. लोकर त्यांच्याच मेंढरांची, सूत त्यांच्या आईनं कातलेलं आणि वरून चिंचोक्याची खळ. उभी केली तर उभी राहीन, इतकी मी ताठ होते. आबा मला खांद्यावर टाकून माळावर मेंढरं राखायचे. पुढं माळावर ऊस आला, कळप वीस मेंढरांवर आला आणि मी घरात आले. वापरून वापरून मऊ पडले. "काय मऊसूत झालीया घोंगडी!" असं सगळे म्हणायचे आणि मी फुगून जायचे. तेव्हा मला काय ठाऊक!

१९९४ साली मी आबांच्या सहा वर्षांच्या नातीच्या, छकुलीच्या वाट्याला आले. ती मला पांघरून आबांच्या कुशीत झोपायची आणि घोरायची. आबांना त्याचं कोण कौतुक! "माज्यावर गेलीया. घोरतंय ते पोर निवांत झोपतंय," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

निवांत? अहो, तिच्या छातीवर मी होते ना! घोरता घोरता तिचा श्वास मध्येच थांबायचा. मी वाट बघायचे. मग दचकून, तोंड उघडं टाकून ती हवा ओढायची आणि पुन्हा घोरायला लागायची. रोजचंच झालं होतं ते. तिच्या घामानं मी ओली व्हायचे. कधी अंथरूणही ओलं व्हायचं. मग सकाळी मी दोरीवर आणि छकुली कोपऱ्यात रडत. "घोडी झालीस, लाज न्हाय वाटत?" म्हणून तिची आई फुलाबाई ओरडायची. वर्गात पेंगते म्हणून गुरुजी तिला आळशी म्हणायचे. पोरीची झोपच होत नव्हती हो! मला सगळं कळत होतं, पण सांगू कशी? निदान पूर्वीसारखी टोचले असते, तर तिनं कूस तरी बदलली असती. पण मी मेली मऊ पडले होते. त्या मऊपणाचा मला फार राग यायचा.

एका रविवारी दुपारी छकुली ओसरीवर झोपली होती. अंगणात मेंढरं होती. नुसत्या श्वासावरून आजारी मेंढरू ओळखणारे आबा एका मेंढीपाशी थबकले.

"हिचं नाक घरघरतंय. तोंडानं दम घेतीया. हिला आत्ताच्या आत्ता डाक्टरला दावली पायजे."

फुलाबाई हातातलं धुणं टाकून उठली. "मामंजी, मेंढीची घरघर तुमास्नी लांबनं कळती. अन् ही आपली पोर काय करतीया?"

आबा हसत वळले. नेमका तेव्हाच छकुलीचा श्वास थांबला. आबांनी मला बाजूला सारून तिच्या छातीवर हात ठेवला. तिनं हवा ओढेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.

"किती दिस झालं असं हुतंय?"

"वरीस झालं असंल. मला भ्या वाटायचं. पर तुमीच म्हणायचा, माज्यावर गेलीया."

आबा मेंढीला विसरून पोरीपाशीच बसून राहिले.

सोमवारी पहिल्या एस.टी.नं ते तिला घेऊन इंदापूरला गेले. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. घशातल्या गाठी वाढून श्वासाची वाट अडली होती, ऑपरेशन करावं लागलं. दवाखान्यात मेंढराचा वास नको म्हणून मला कुणी नेलं नाही. दहा दिवस मी वळणीच्या दोरीवर लोंबत होते. पोर बरी आहे का, हे कुणाला विचारणार?

छकुली आली. मला पांघरून झोपली, आणि घोरेचना! मी घाबरलेच. आजवर ती गप्प झाली, की तिचा श्वास थांबलेला असायचा. मग मी तिच्या पोटाबरोबर हळूच वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. आबांनीही माझ्याखाली हात घालून तिचा श्वास पाहिला आणि मगच ते आडवे झाले.

मित्रांनो, सर्दीत चार दिवस घोरणं वेगळं. पण तुमच्या घरातलं लहान मूल रोज घोरत असेल, त्याचा श्वास मध्येच अडकत असेल, तर त्याला हसू नका. मोठ्यांच्या मागे लागा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. तुम्हाला तोंड आहे. मला असतं, तर छकुलीला वर्षभर उगाच बोलणी खावी लागली नसती.