शांत बसते

शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत गणिताच्या बाईंना सदतीस घरी फोन करायचे होते. छत्तीस झाले आणि घोडं अडलं.

फोनची कल्पना मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची. शाळा सुरू होऊन महिना होतोय न होतोय तोच त्यांनी प्रत्येक शिक्षकाच्या हातात एक जाडजूड फाइल ठेवली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, शाळा सुधार आराखडा. आत तीन भाग : निकाल, वर्तन आणि घराशी नातं. निकाल वाढावा म्हणून दर पंधरवड्याला चाचणी. वर्तन सुधारावं म्हणून वर्गाच्या भिंतीवर तक्ता. न विचारता जागेवरून उठलं की नावापुढे लाल ठिपका. आणि घराशी नातं जुळावं म्हणून वर्गशिक्षकाने प्रत्येक घरी फोन करून मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची, मग ती रकान्यात लिहायची.

"शाळेचा फोन म्हणजे तक्रार, असंच लोकांच्या डोक्यात बसलंय," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "ते मला काढायचंय."

कल्पना वाईट नव्हती. कुणाचं अक्षर छान, कुणी डबा वाटून खातं, कुणी फळा न सांगता पुसतं. गणिताच्या बाईंनी छत्तीस घरी असं काही ना काही सांगितलं. राहिली ती भिंगरी.

खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण वर्गात तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. सातवीतली ही मुलगी पाच मिनिटं एका जागी टिकेल तर शपथ. पेन्सिलला टोक करायला उठायची, पाणी प्यायला उठायची, खिडकीबाहेर काय वाजलं ते बघायला उठायची. दोन आठवड्यांत तिच्या नावापुढे एकोणीस लाल ठिपके झाले होते. गेल्या चाचणीत चाळीसपैकी नऊ. बाईंनी रकान्यावर पेन टेकवून ठेवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शिक्षकखोलीत दोन फेऱ्या मारल्या. चार वाजायला दहा मिनिटं होती.

शेवटी त्यांनी नंबर फिरवला. तिची आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"काय केलं तिने?" आईने आधी हेच विचारलं.

"काही नाही हो. चांगलंच सांगायला फोन केलाय." बाईंनी वेळ मारून नेली. "हल्ली वर्गात शांत बसते."

पलीकडे तिने जवळचं यंत्र बंद केलं.

"बाई, तुम्ही माझ्याच मुलीबद्दल बोलताय ना? दुसऱ्या कुणाच्या घरी लावायचा फोन इकडे नाही ना लागला?"

"तुमचीच."

"अगं बाई!" आई एकदम हसली, आणि मग त्या हसण्याचा आवाज ओला झाला. "सात वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय हे."

बाईंनी रकान्यात लिहिलं, शांत बसते. फाइल मिटली. घरी जाताना त्यांना उगाचच वाटत राहिलं की आपण काहीतरी विसरलोय. पर्स तपासली, किल्ल्या होत्या, चष्मा होता.

पुढच्या आठवड्यात भिंगरी खरंच कमी उठू लागली. बाईंना आधी बरं वाटलं, मग ते बरं वाटणंच टोचू लागलं. कारण मुलीचा चेहरा ओढल्यासारखा दिसायचा. ओठ दाताखाली, मुठी आवळलेल्या. विचारलेलं काही कानात शिरत नसावं. "बरं नाही का गं?" बाईंनी एकदा विचारलं. तिने मान हलवली. बाई फळ्याकडे वळल्या, पण पाठीमागून कुणीतरी टक लावून बघतंय असं त्यांना तासभर वाटत राहिलं.

चाचणीच्या दिवशी ते घडलं. घंटा झाली, मुलं पेपर द्यायला उठली, भिंगरीही उठली आणि धाडकन तोंडावर आपटली. पुढच्या बाकाचा कोपरा हनुवटीत घुसला. बाई धावल्या. तिला उचलायला गेल्या तर पाय सुटेनात. तिने दोन्ही बुटांच्या नाड्या बाकाच्या पायाला बांधल्या होत्या, गाठीवर गाठ मारून. गाठी निघेनात, शेवटी त्यांनी नाड्या कात्रीने कापल्या.

शाळेजवळच्या दवाखान्यात तीन टाके पडले. आई लाँड्रीतून तशीच आली, ओल्या ॲप्रनवर, पाण्याने पांढऱ्या पडलेल्या बोटांनी.

"पाय कुणी बांधले तिचे?"

"मीच," पट्टीखालून भिंगरी म्हणाली. "तू रोज विचारायचीस, आज पण शांत बसलीस ना. मी हो म्हणायचे. पण मला नीट बसवतच नव्हतं. मग म्हटलं, बाईंनी सांगितलंय तर तसं करून तरी बघू."

आईने बाईंकडे पाहिलं. बाईंना दाराबाहेर पळून जावंसं वाटलं. अजूनही सावरून घेता आलं असतं. मुलीचा गैरसमज झाला म्हणायचं, की संपलं.

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "रकाना भरायचा होता."

आईने मुलीची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "मी लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं होतं. इस्त्रीवर बसतात त्या मावशींना तर दोनदा." तिने ॲप्रनचं टोक मुठीत धरलं. "माझ्या पोरीत सांगण्यासारखं खरं असं काहीच नव्हतं का, बाई?"

"असेल. मी बघितलं नाही. ती कितीदा उठते तेवढंच मोजत होते."

आईने मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली. त्यानंतर चार दिवस भिंगरी शाळेत आली नाही. बाईंना कशातच चैन पडेना. चहा करायला ठेवायच्या आणि तो उतू जायचा. घरी नवरा म्हणाला, "अगं, जरा टेक तरी. तुझे पाय बघून मलाच दम लागतोय." त्या टेकल्या, आणि लगेच उठल्या.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या सरळ लाँड्रीत गेल्या. आत वाफ कोंडली होती. आई एका टोकाला चादरी घड्या करत होती, आणि भिंगरी ढिगांमधून येरझाऱ्या घालत होती. घरी कुणी नसल्यामुळे आई तिला सुट्टीला सोबत आणायची.

"चादरी तीनशे चाळीस!" मुलगी चालता चालता ओरडली. "बारा बाराचे गठ्ठे, अठ्ठावीस होतील. चार उरतील!"

कागद नाही, पेन्सिल नाही. तोंडातून वाक्य संपेपर्यंत ती दुसऱ्या ढिगाशी पोचलीही होती. बाईंनी मनातल्या मनात भागाकार केला. बरोबर होता. याच मुलीने चाचणीत एकशे वीस भागिले आठ कोरं सोडलं होतं.

"हे केव्हापासून?" त्यांनी आईला विचारलं.

"लहानपणापासून. चालताना सगळं येतं तिला. बसवलं की डोकं बंद." आईने घडीवरची नजर उचलली नाही. "मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही."

सोमवारी शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाई फाइली चाळत होत्या. फोन शंभर टक्के झाले म्हणून खुशीत होत्या. गणिताच्या बाई उभ्या राहिल्या.

"माझा एक फोन खोटा आहे," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. नाड्यांचंही.

मोठ्या बाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांनी फाइल बाजूला सरकवली.

"आणखी कुणी बनवून सांगितलंय?"

चित्रकलेच्या सरांनी हात वर केला. मग आणखी दोन. मग विज्ञानाच्या बाईंनी, अर्धाच. मोठ्या बाईंनी मोजलं आणि डोक्याला हात लावला.

आराखडा काही त्या दिवशी फाडला गेला नाही. तक्ता भिंतीवर राहिला. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फोन करायचा नाही, असं ठरलं. आणि खूप वादावादीनंतर गणिताच्या बाईंना वर्गाच्या मागच्या बाजूला एक उंच टेबल ठेवायची परवानगी मिळाली. ज्याला उभं राहून लिहायचं त्याने तिथे लिहावं. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ झाला. अर्ध्या वर्गाला उभंच राहायचं होतं. एका वडिलांनी, शाळेत बाक उरले नाहीत का, अशी चिठ्ठी पाठवली. बाईंनी रोज संध्याकाळी ठरवलं की उद्या टेबल हलवायचं, आणि रोज सकाळी ते राहू दिलं.

भिंगरी टेबलाभोवती फिरत गणितं सोडवू लागली. पुढच्या चाचणीत तिला चाळीसपैकी एकवीस मिळाले. चमत्कार नव्हता, अपूर्णांक अजून तिला पळवून लावत होते.

पालकसभेला तिची आई आली. बाईंशी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. सगळ्यांना निकालाचे कागद वाटून झाले, तेव्हा तिने हात वर केला.

"मार्कांचं कळलं. पण शाळेत बरं वाटतं का तिला?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "थांबा, विचारून येते."

सभा तशीच सोडून त्या मैदानावर गेल्या. भिंगरी पायरीवरून उड्या मारत होती. हनुवटीवरचा व्रण अजून गुलाबी होता.

"तुमच्या तासाला वाटतं," तिने विचार करून सांगितलं. "पण भूगोलाचे सर अजून बसवूनच ठेवतात. तेव्हा सगळं अंग खाजतं."

बाईंनी आईला जाऊन तेच सांगितलं, एक अक्षर न बदलता. आईने ऐकलं आणि पहिल्यांदा मान डोलावली. "मग?" ती म्हणाली.

"मग आता भूगोलाच्या सरांकडे जाऊ. तुम्हीही चला."