वाफ्यातली शेवटची दुधळ

मित्रांनो, रस्त्याच्या कडेला तुम्ही मला कितीदा तरी तुडवलं असेल. मी दुधळ, पिवळ्या फुलाची, जमिनीला चिकटून पसरणारी, आता म्हातारी झालेली. माझा देठ मोडला की पांढरा चीक बोटांना लागतो. तुडवल्याचा राग नाही. राग धरायलाही अंगात बळ लागतं.

माझा जन्म टेकडीच्या उतारावर, दोन दगडांच्या फटीत झाला. तिथे आमचं सगळं गणगोत होतं. आमची कडू मुळं वाळवून औषधाला वापरतात, म्हणून माणसं कुदळी घेऊन येत आणि गोण्या भरून नेत. उतार हळूहळू बोडका झाला. खणणाऱ्यांत एक बाई होती. तिला सगळे आत्या म्हणत. तिने मला मुळासकट काढलं, पण गोणीत टाकलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि घरामागच्या वाफ्यात लावलं.

"माझ्या गुडघ्यांनी टेकडीशी वैर धरलंय," माती दाबताना ती म्हणाली. "तेव्हा तूच आता खाली राहा, बाई."

आत्याने माझे फार लाड केले. रोज पाणी, वर ढीगभर खत. माझं बी तिने वाटाण्यासारखं खोल पुरलं, ते काही वर आलं नाही. आम्हाला उगवायलाही उजेड लागतो. जे बी वाऱ्याने पायवाटेवर सांडलं, तेवढंच रुजलं. "पेरलेलं गेलं आणि सांडलेलं आलं," म्हणत आत्या कपाळावर हात मारून हसली. तिने ती रोपं वाफ्यात लावली. त्यांची पानं माजली. मुळं वाळवायच्या शेडचं काम तिचा पुतण्या बघतो. त्याने पहिलं मूळ चघळलं आणि थुंकून टाकलं.

"आत्या, हे औषध नाही, पाणचट गाजर आहे."

मग तिने पाणी तोडलं, मातीत खडी मिसळली, बी नुसतं वर भुरभुरलं. तेव्हा कुठे मुळांना आमचा खरा कडूपणा आला. आधी नावं ठेवणारे शेजारी कुंपणावरून माना उंच करून पाहू लागले.

कौतुक झालं ते मुळांचं. मला बियांसाठी राखलेलं. दरवर्षी फुलायचं, पिकायचं, बी सोडायचं. रोपं भरात आली की खणली जायची आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

यंदा औषधवाल्यांची मागणी वाढली. पुतण्याने वाफा एका टोकापासून खणत आणला. डब्यात राखलेलं जुनं बी ओल लागून कुजलं होतं. पुढच्या हंगामाला बी मिळायचं ते माझ्याकडूनच. आणि तो खणायचा काटा घेऊन माझ्यापाशी आला.

"हिची फुलं तर मेली," तो म्हणाला. "उगाच कशाला राखायची? मूळ मात्र मनगटाएवढं असेल."

इथेच सगळे फसतात. फूल उमलून झालं की मी ते मिटून घेते आणि मान खाली घालते. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण त्या मिटल्या मुठीत बी पिकत असतं.

आत्याने घरातून स्टूल आणलं. चार पायांच्या मधोमध मला घेतलं आणि वर बसली.

"आता खण."

"आत्या, ऊठ. लोक हसतील."

"हसू देत. लहानपणी तूच असा दार अडवून बसायचास. मी तुझ्याकडूनच शिकले."

"किती दिवस बसणार अशी?"

"हिचं बी पिकेपर्यंत. का टेकडीवरून दुसरी आणतोस? आहे तिथे एक तरी?"

टेकडीवरची शेवटची गोणी पुतण्यानेच भरली होती. काटा खांद्यावर टाकून तो शेडकडे गेला.

खरं सांगू, मित्रांनो? काटा मुळाशी लागला असता तरी मला फार वाईट वाटलं नसतं. मी थकले आहे. आत्याही थकली आहे. स्टुलावर बसल्या बसल्या तिला डुलकी लागते.

आज ऊन चढल्यावर माझं पहिलं बोंड उघडलं. आत्याने वाऱ्याच्या बाजूला पदर आडवा धरला आणि बी हलकेच ओंजळीत घेतलं. मित्रांनो, रानातून काय हवं ते न्या, पण शेवटचं रोप काढू नका. आणि मिटलेलं दिसलं म्हणून मेलं असं ठरवू नका.

उरलेल्या बोंडांना अजून थोडं ऊन हवं आहे. तोवर मी तग धरते. माझ्यावर ऊन पडावं म्हणून आत्याने बसल्या बसल्याच स्टूल जरा सावलीकडे सरकवलं आहे, पण ती उठलेली नाही.