मुख्य तक्रार

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या अठ्ठावीस, माणसं चौतीस, पेनं अकरा आणि त्यांतली लिहिणारी सात. सिस्टरनं दोनदा मोजून वहीत टिपलं. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांची ही गल्ली. दवाखान्यानं नेमकं काय पुरवावं हे गल्लीलाच विचारा, असा वरून हुकूम आला होता. शुक्रवारपर्यंत एक गरज कळवली नाही, तर बुधवारी दुपारचा दवाखाना बंद. आणि बुधवारची दुपार म्हणजेच सिस्टरची नोकरी.

"त्यात विचारायचं काय?" डॉक्टर म्हणाले. "शुगर लिहा आणि मोकळ्या व्हा."

"विचारल्याशिवाय कसं लिहू, सर?"

"मग विचारा. हौस फिटेल."

फॉर्मवर तिनं एकच प्रश्न ठेवला होता, पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचललेला: 'आपली मुख्य तक्रार कोणती?'

इथंच माशी शिंकली. पुस्तकात तक्रार म्हणजे खोकला, कंबरदुखी, छातीत जळजळ. गल्लीत तक्रार म्हणजे तक्रार. ती कुणीतरी छापील कागदावर, आपणहून मागतंय म्हटल्यावर लोक तुटून पडले. पेटीवाल्या काकूंना तर पुरवणी लागली.

डॉक्टरांनी गठ्ठा चाळला आणि हसून हसून चष्मा पुसला.

"ऐका. 'सून तोंडातल्या तोंडात पुटपुटते.' 'नवरा फोनवर कुजबुजतो, काहीतरी शिजतंय.' 'बस हल्ली चोरपावलांनी येते.' आणि हे खास तुमच्यासाठी: 'नवीन बाई नंबर पुकारते की गुपित सांगते?' शुगर लिहा, सिस्टर."

सिस्टर गठ्ठा घेऊन कोपऱ्यात बसली. हाती काहीही आलं की त्याचे गट पाडायचे, ही तिची जुनी खोड. सुनांचा ढीग झाला, नवऱ्यांचा झाला, तिच्या स्वतःच्या नावचाही बऱ्यापैकी उंच झाला. बसचा कागद मात्र कुठंच बसेना. सुनेला पुटपुटायला कारण असेल, नवऱ्यालाही असेल, पण बसला? तिनं सगळे ढीग मोडले आणि पहिल्यापासून वाचलं. चौतीसपैकी सव्वीस जणांचा राग एकाच गोष्टीवर होता: समोरून आवाज कमी येतो.

ती तडक काकूंच्या कारखान्यात गेली. आत चार हातोडे पत्र्यावर पडत होते.

"काकू, सूनबाई कधीपासून पुटपुटतात?"

"काय?"

"सूनबाई. कधीपासून पुटपुटतात?"

"आता तूही सुरू झालीस का, बाई?"

मागं सून पेटीला कडी ठोकत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सिस्टर, ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. माझी तक्रार तेवढी घशाची लिहून घ्या."

शुक्रवारी सिस्टरनं गरजेच्या रकान्यात लिहिलं: कान.

"कान?" डॉक्टर म्हणाले. "आठ वर्षांत इथं कानाची एक तक्रार आलेली नाही."

"ज्याला ऐकू येत नाही, तो समोरच्याचीच तक्रार करणार ना, सर."

"काय म्हणालात?"

तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

बुधवारची दुपार राहिली आणि कान तपासायचं यंत्र आलं. तिसऱ्या बुधवारपर्यंत चौतीसही जणांची तपासणी झाली. एकवीस जणांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, पाच जणांच्या कानांत मळ होता, आठ जणांचे कान ठीक होते. पस्तिसावे डॉक्टर. त्यांच्या डाव्या कानाला पंचेचाळीस डेसिबलपर्यंत काही ऐकू आलं नाही.