काटे पुढेच फिरवायचे

स्टुलावर चढून त्यानं वॉर्डातलं घड्याळ भिंतीवरून उतरवलं. धंद्याचा माणूस, म्हणून आधी शर्टाच्या टोकानं काच पुसली.

"काय चाललंय?" सिस्टरनं विचारलं.

"मागं पडलंय."

सिस्टरनं मनगटावर पाहिलं. साडेदहा. त्याच्या हातातल्या घड्याळातही साडेदहाच.

मायलेकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आईला अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला नव्या उपचाराच्या चाचणीत घेतलं. ऑपरेशनमध्ये आधी गाठी काढायच्या. सगळ्या निघाल्या, तरच तिथं एक बंद पाकीट फोडायचं. आत 'गरम' लिहिलेलं असलं तर गरम केलेलं औषध दीड तास पोटात फिरवायचं. 'साधं' असलं तर टाके घालून मोकळं.

"म्हणजे माझ्या पोटाचा बंब करणार," आई म्हणाली होती. "मला कुणी सांगायला नको. शुद्धीवर आले की घड्याळ बघीन. दोन वाजले असले तर साधं. चार, तर गरम."

आज साडेनवालाच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठी आतड्यांभर पसरलेल्या. काढता येण्यासारखं काही नव्हतं. पोट होतं तसं शिवलं. पाकीट फोडलंच नाही. "संध्याकाळी मी सांगते त्यांना," त्या म्हणाल्या.

म्हणजे मधली एक दुपार त्याच्या हातात होती.

काटा तासभर मागं न्यायचा असला तरी अकरा तास पुढे फिरवून न्यायचा, हे आईनं त्याला लहानपणी कान पिळून शिकवलेलं. आज नशिबानं पुढेच जायचं होतं. चार वाजवून त्यानं घड्याळ टांगलं. जाताना सिस्टरनं आपलं घड्याळ तेवढं बाहीखाली सारलं.

आईनं डोळे उघडले. आधी भिंतीकडे पाहिलं.

"चार."

"हो."

"गरम निघालं म्हणायचं."

"चांगला दीड तास पेटला होता बंब."

ती हसायला गेली आणि टाके ओढले. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. ही खाट सकाळी भाजून काढते आणि जेवणानंतर नुसता अंधार, अशी कालच तिची तक्रार होती. ती त्या उन्हाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग त्याच्या शर्टाच्या काळ्या झालेल्या टोकाकडे.

"सकाळपासून उपाशी असशील. चार वाजलेत. जा, चहा पिऊन ये."

तो दारापर्यंत गेला.

"आणि जाता जाता तेवढा खिडकीचा पडदा ओढ."