साडूपेक्षा एक आतला

सोमवारच्या तालमीत निवृत्ती खंडागळे आपल्या ट्रम्पेटमध्ये फुंकत होता आणि सूर निघत होता त्याच्या साडूच्या ट्रम्पेटमधून. साडूचं, म्हणजे अर्जुन कसब्याचं ट्रम्पेट त्या वेळी खुर्चीवर आडवं पडलेलं होतं आणि अर्जुन स्वतः खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. तरी सूर असा निघाला की ढोलवाल्यानं हातातली काठी खाली ठेवली.

"वा, अर्जुनराव," दोघांचे सासरे भागवत मास्तर म्हणाले.

"मी कुठं वाजवलं, मामा?" अर्जुन म्हणाला. हा त्याचा विनय आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि त्याबद्दलही त्याचं कौतुक झालं.

निवृत्तीनं पुन्हा जीव लावून फुंकलं. त्याच्या भोंग्यावर एक माशी बसली होती, ती उडालीसुद्धा नाही. खुर्चीवरचं ट्रम्पेट मात्र थरथरलं आणि त्यातून वरचा षड्ज निघाला, स्वच्छ आणि लांब. तो आपला आहे हे निवृत्तीला पहिल्या क्षणी कळलं. बावीस वर्षं ज्या सुरामागं आपण धावलो तो सूर दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलेला पाहून माणसाला काय वाटतं, ते त्याला वाटलं.

नवरंग ब्रास बँड हा बार्शीतला जुना बँड. भागवत मास्तरांना मुलगा नाही, दोन मुली, आणि दोन्ही त्यांनी ट्रम्पेटवाल्यांनाच दिल्या. थोरली सुमन निवृत्तीला, धाकटी मंगल अर्जुनला. आता मास्तरांचे गुडघे गेले होते आणि येत्या रविवारची वरात ही त्यांची शेवटची होती. वरात मांडवाच्या अलीकडच्या कोपऱ्यावर आली की सगळा बँड थांबतो आणि पहिला ट्रम्पेटवाला एकटाच एक लांब सूर लावतो. बँडमध्ये त्याला 'हाक' म्हणतात. रविवारी जो हाक देईल त्याच्या अंगावर मास्तरांचा लाल कोट चढायचा होता, आणि कोटाबरोबर बँडही त्याचाच व्हायचा होता. थोरला जावई म्हणून निवृत्तीनं तो कोट मनातल्या मनात केव्हाच दोन बोटं आखूड करून घेतला होता.

पण गेल्या धोंड्याच्या महिन्यापासून त्याला धाकधूक होती. सासुरवाडीला दोघा जावयांना सारखंच वाण मिळालं होतं, चांदीची वाटी सारखी, धोतर सारखं. फक्त अर्जुनच्या ताटातल्या अनारशांना जाळी जास्त चांगली पडली होती. निवृत्ती हे कुणाला बोलला नाही. बोलण्यासारखं ते नव्हतंच, पण विसरण्यासारखंही नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो घरी रियाजाला बसला. दोन्ही साडूंची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यानं फुंकलं आणि सूर भिंतीपलीकडून आला.

"बघा, अर्जुनरावांचा रियाज सुरू झाला," सुमन चहा ठेवत म्हणाली. "तुम्ही पण अधूनमधून बसत जा की हो."

"मीच बसलोय," निवृत्ती म्हणाला.

"बसलाय खरं, पण वाजवा की काहीतरी," ती म्हणाली.

त्यानं मास्तरांना गाठलं. मास्तरांनी त्याचं ट्रम्पेट उलटंपालटं करून पाहिलं, आणि मग पुढचा माऊथपीस काढून डोळ्याला लावला. माऊथपीस म्हणजे ओठ टेकवायची गोल कडा, कडेच्या आत वाटी, आणि वाटीच्या तळाशी बारीक भोक. त्या भोकाला बँडवाले गळा म्हणतात.

"जावईबापू, बाजा झकास हाय," मास्तर म्हणाले. "तुमचा गळा दुसरीकडं निघतोय. होतं कधीकधी. सोलापूरला आत्तार चाचांकडं जाऊन दुसरा माऊथपीस घ्या."

"अर्जुननं कुठनं आणला त्याचा?"

"ते बी मागल्या महिन्यात तिथंच जाऊन आले की," मास्तर म्हणाले.

आत्तार चाचांचं दुकान एका बोळात होतं. दुकानाचं दार गोल होतं, पुरुषभर उंच, आणि त्याला चांदीचं पाणी दिलेली जाड, गुळगुळीत कडा होती. ती ओलांडून आत जावं लागत होतं. निवृत्तीनं आधाराला कडेवर हात ठेवला तर ती गार लागली. आतली खोली ऐसपैस होती. दोन्ही भिंतींना खण होते आणि खणांत मखमलीवर माऊथपीस मांडलेले होते. भिंती मात्र सरळ नव्हत्या. जसजसं आत जावं तसतशा त्या जवळ येत होत्या, आणि सगळ्यात शेवटी काय आहे ते दारातून दिसत नव्हतं.

आत्तार चाचा स्टुलावर बसून फडक्यानं एक पितळी चावी पुसत होते. त्यांनी निवृत्तीच्या ओठांकडं पाहिलं, आणि पहिल्याच खणातला एक माऊथपीस काढून दिला.

"हा लावून बघा," ते म्हणाले.

निवृत्तीनं लावला. ओठ असे बसले, जणू ते कधी तिथून उठलेच नव्हते. त्यानं फुंकलं आणि सूर त्याच्याच भोंग्यातून निघाला. थोडा खरखरीत होता, किंचित कोंडा असलेल्या भाकरीसारखा, पण त्याचाच होता. अठराव्या वर्षी नदीच्या पात्रात एकटाच वाजवायचा तेव्हाचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमचा हाच," चाचा म्हणाले. "द्या इकडं, पुसून बांधून देतो."

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी होती. माणूस आला, त्याला त्याच्या मापाचं मिळालं, दुपारच्या गाडीनं घरी गेला. पण निवृत्तीनं विचारलं.

"अर्जुन कसब्याचा कुठल्या खणातला?"

"त्यांचा आतला हाय."

"किती आतला?"

"याच्याहून जरा आतला," चाचा म्हणाले.

निवृत्तीनं हातातला माऊथपीस खाली ठेवला.

"उष्टा करून ठेवू नका," चाचा म्हणाले. "एकदा ठेवला की परत तुमचा होत नाही. आणि आत दुकान अरुंद हाय."

"बघून तर येतो."

तो चार पावलं गेला असेल नसेल, तेवढ्यात पोलीस बँडच्या गणवेशातला एक जाडजूड माणूस दुकानात आला. त्यानं मखमलीवरचा तोच माऊथपीस उचलला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि वाजवून पाहिला. अठराव्या वर्षाचा तो सूर त्या माणसाच्या भोंग्यातून निघाला. "बरा हाय," असं म्हणून तो घेऊनही गेला. निवृत्ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. तो पहिल्या खणातला होता, हे त्यानं मनाला सांगितलं.

दुसऱ्या खणातला माऊथपीस जड होता. त्याचा सूर गोल आणि भरदार निघाला.

"अर्जुन इथं थांबला?" निवृत्तीनं विचारलं.

"जरा आत," चाचा म्हणाले. ते दाराशीच बसले होते, पण त्यांचा आवाज कानाशी बोलल्यासारखा येत होता.

तिसऱ्या खणापाशी हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकत होते. "इथं तुमचे सासरे थांबले होते," चाचा म्हणाले, "चाळीस वर्षांमागं." निवृत्तीनं तिथला माऊथपीस लावला आणि मास्तरांच्या ऐन उमेदीतला सूर त्याच्या भोंग्यातून निघाला. ज्याच्यासाठी पंचक्रोशीतली लग्नं तारीख बदलायची, तो सूर. कुणीही शहाणा माणूस तो घेऊन डोक्याला लावून माघारी फिरला असता.

"आणि अर्जुन?"

"जरा आत."

आता निवृत्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्याच्याही पुढं गेला तो? बँडमध्ये येऊन तीन वर्षांत? ज्याला तालमीत पाय कुठं ठेवायचा हे आपण शिकवलं, ज्याच्या लग्नात आपण स्वतः वाजवलं, आणि घाम पुसायला थांबलो तर ज्याचा चुलता म्हणाला, "वाजवा की, पाव्हणं"? त्यानं सासऱ्याचा माऊथपीस उष्टा करून ठेवून दिला आणि पुढं गेला.

पाचव्या खणापाशी ट्रम्पेट आडवं बसेना, म्हणून त्यानं ते मागं ठेवलं आणि नुसत्या माऊथपीसवर ओठ लावून वाजवू लागला. सातव्या खणापाशी खांदे तिरके करावे लागले. भिंतींचं लाकूड केव्हाच संपलं होतं आणि आता दोन्हीकडं पितळ होतं. प्रत्येक माऊथपीस आधीच्यापेक्षा सरस होता. एकाचा सूर इतका गोड होता की तो वाजल्यावर निवृत्तीला स्वतःचं नाव आठवायला थोडा वेळ लागला. दुसऱ्याचा इतका लांब होता की तो अजून वाजतच होता आणि निवृत्ती पुढं निघाला होता. पण कुठल्याच माऊथपीसचा सूर त्यानं नीट ऐकला नाही. ओठांवरून तो काढायच्या आत तो विचारायचा, आणि चाचा सांगायचे, "जरा आत."

किती वेळ गेला ते कळत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर दार शर्टाच्या गुंडीएवढं दिसत होतं. नंतर मागं वळताही येईना.

"चाचा," तो म्हणाला, "खरं सांगा. अर्जुन किती आत गेला होता?"

"ते आत आलेच नाहीत," चाचा म्हणाले.

"मग?"

"मागल्या महिन्यात दारात उभं राहून सांगून गेले. साडूभाऊ कधीतरी येतील, ते जो घेतील त्याच्यापेक्षा एक आतला माझ्यासाठी काढून ठेवा. तोवर अर्जुनराव स्वतःचा जुनाच वाजवत्यात."

निवृत्ती होता तिथंच उभा राहिला. बसता येण्यासारखं नव्हतंच. म्हणजे तिकडंही आग होती तर. भिंतीपलीकडं अर्जुनही कान लावून बसत होता. धोंड्याच्या महिन्यात त्यानंही साडूच्या ताटाकडं पाहिलं असणार आणि वाटी कुणाची जड आहे याचा अंदाज घेतला असणार. क्षणभर निवृत्तीला आपला साडू आयुष्यात पहिल्यांदा सख्खा वाटला. पहिल्याच खणातला तो खरखरीत सूर घेऊन आपण बाहेर पडलो असतो तर अर्जुनच्या वाट्याला फक्त दुसरा खण आला असता, आणि दोघंही आपापल्या घरी जेवायला गेले असते. हे त्याला कळलं. तरीही तो पुढं सरकला, कारण मग अर्जुनला आणखी एक आतला मिळायला नको होता. अगदी शेवटचा आपण घेतला की पुढं काही उरणारच नाही, असा त्याचा हिशेब होता.

शेवटचा खण आलाच नाही. भिंती त्याच्या छातीला आणि पाठीला टेकल्या आणि त्याची उंची बरोब्बर त्या पोकळीत बसली. समोर बारीक भोकातून वारा येत होता. आतलं पितळ आता गार नव्हतं, अंगाएवढंच गरम होतं.

"चाचा, इथं खण नाही," तो म्हणाला.

"नसणारच. तुमच्यापुढं आता काही राहिलं नाही," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "म्हणजे अर्जुनरावांना हाच द्यावा लागणार."

मग फडक्यानं दाराची गोल कडा पुसल्याचा आवाज आला, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. दुकान कागदात गुंडाळल्यासारखा अंधार झाला. पुष्कळ वेळ सगळं हलत राहिलं, कुणाच्या तरी खिशात असल्यासारखं.

पुन्हा उजेड आला तेव्हा लांबून ढोल ऐकू येत होता. निवृत्तीनं तो लगेच ओळखला. नवरंगचाच ढोल, जरा मागं पडणारा, पावसाळ्यापासून कातडं सैल झालेला. ताशा होता. बायकांचं हसणं होतं आणि कुणीतरी "सरका, सरका, नवरदेवाला वाट द्या" म्हणत होतं. रविवार आला होता तर. ढोल जवळ आला, वळला आणि थांबला. ताशाही थांबला. मांडवाच्या अलीकडचा कोपरा आला होता.

"द्या, अर्जुनराव," मास्तरांचा आवाज आला. "द्या हाक."

दाराचा गोल उजेड हळूहळू भरत गेला. आधी कातरलेली मिशी आली, मग दोन ओठ, खालच्या ओठाच्या कडेला तीळ असलेले. लवंगेचा वास आला. वाजवण्याआधी लवंग चघळायची ही अर्जुनची सवय, आणि ती त्याला निवृत्तीनंच लावली होती. ओठ कडेवर टेकले आणि पुरता अंधार झाला.

निवृत्तीनं घाईघाईनं विचार केला. सूर फुटला तर लोक म्हणतील, माऊथपीस चांगला नव्हता. सूर लागला तर म्हणतील, वा अर्जुनराव. खांदा जरा तिरका केला तर सूर फाटेल आणि लाल कोट खुंटीवरच राहील. त्यानं खांदा हलवून पाहिला. तो दोन्हीकडं टेकलेला होता. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं, त्याला न विचारता, त्याची मान ताठ झाली आणि पाय जुळले.

बाहेर अर्जुननं खोल श्वास घेतला, आणि छाती भरली ती निवृत्तीची.