काकांचा अभ्यास

पदवीनंतर एक वर्ष सरकारी आरोग्य केंद्रात काढल्याशिवाय प्रमाणपत्र हाती पडत नव्हतं, म्हणून ती तिथे आली. तिचं शिक्षण वाचा-उपचारांचं. ज्यांची वाचा गेली किंवा आलीच नाही, त्यांना बोलतं करायचं. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरनी तिला एक खोली उघडून दिली. आत मोडकी व्हीलचेअर, सलाईनचे रिकामे खोके आणि एक डुगडुगणारं टेबल.

"वर्षभरात काय अपेक्षा ठेवायची, सिस्टर?"

"आधी खोके बाहेर काढ, मग अपेक्षेचं बघू," सिस्टर म्हणाल्या. "लोक यायला वेळ लागेल. बोलण्याचा वेगळा डॉक्टर असतो हे मलाच तू आल्यावर कळलं."

लोक आले ते आधी डोकवायला. "बोलतं करता म्हणे," एक बाई दारातूनच म्हणाली. "आमच्याकडे उलटं औषध हवंय. सासूबाई झोपेतसुद्धा बोलतात." ओसरी हसली आणि तिचं नाव बोलकीताई पडलं ते पडलंच.

काकूंनी काकांना आणलं तेव्हा खोके अजून एका कोपऱ्यात होतेच. काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, माईक कधी लागला नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवं अंग लुळं पडलं आणि तो आवाज गेला. समजायचं सगळं, पण ओठांवर काही येत नव्हतं. नुसतं "अ... अ..." व्हायचं आणि मग ते डाव्या मुठीनं मांडीवर मारून घ्यायचे.

"शब्द आत शाबूत आहेत," बोलकीताईनं काकूंना समजावलं. "बाहेर यायची वाट तेवढी मोडलीय. दुसरी वाट पाडू या."

पाठ असलेल्या गोष्टी कधी कधी आधी येतात, हे ती शिकली होती. तिनं टेबलावर ताल धरला आणि लिलावासारखं म्हणाली, "एक!" काका बघत राहिले. पुन्हा, "एक!" आणि एकदम त्यांच्या छातीतून निघालं, "एक... दोन... तीन!" खणखणीत, बाजारातल्या चालीवर. बाहेर औषधांच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि रडत रडत हसल्या.

"आता शब्द," बोलकीताई म्हणाली. "पहिले कामाचे घेऊ. 'पाणी', 'दुखतंय', 'या'. कुणाला बोलवायला."

काकू जरा घुटमळल्या. "एक मागू का? ते मला नुसतं 'अगं' म्हणायचे. आयुष्यभर दुसरी हाक नाही. तेवढं आधी आलं तर बघा ना. बाकी पाणीबिणी मी न सांगता देतेच की."

बोलकीताई कशाला नाही म्हणेल? माणसाला ज्याची ओढ असते तो शब्द लवकर येतो, हेही पुस्तकात होतंच.

महिने गेले. काकू दर आठवड्याला काकांना धरून धरून आणायच्या. त्यांनाच धाप लागलेली असायची. "तुम्ही पण एकदा तपासून घ्या," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "मला कुठे काय होतंय? यांचं होऊ दे," म्हणून काकू सटकायच्या. आणि एके दिवशी, पाण्याचं भांडं आणायला काकू उठल्या तेव्हा, काका त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "अगं."

काकू वळल्या नाहीत. भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "काय हो?" जसं रोज म्हणत असतील तसं.

त्यानंतर घरी रोज दुपारी अभ्यास सुरू झाला. मोठ्यानं म्हणा, बोलकीताईनंच सांगितलं होतं, आवाजात दम येऊ दे. शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची, मध्ये एकच भिंत. ती केंद्रात आली की कौतुकानं सांगायची, "आधी 'अगं, अगं' चालतं, मग एक-दोन-तीन. माझी मशीनसुद्धा त्या तालावर चालते हो!"

एका दुपारी काकू स्वयंपाकघराच्या दारात कोसळल्या. शिवणवाली संध्याकाळी कुठलीशी ब्लाउजची मापं विचारायला गेली, तेव्हा दोघंही जमिनीवर होते. काका खुर्चीतून खाली पडून, फरपटत, काकूंच्या हातापर्यंत पोचले होते. काकू केव्हाच गेल्या होत्या.

बोलकीताई भेटायला गेली तेव्हा काकांची मुलगी आली होती. तिनं बोलकीताईला बाहेर जिन्यात गाठलं. "बाबांना आम्ही सांगितलंय, आई दवाखान्यात आहे. धक्का नको म्हणून. पण ते जेवत नाहीत, आमच्याकडे बघत नाहीत. त्यांना काय कळलंय तेच कळत नाही. तुम्हाला त्यांचं समजतं. तुम्ही सांगाल?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आत जाऊन काकांसमोर बसली. शिवणवाली चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली.

"काका," ती म्हणाली, "काकू गेल्या."

त्यांनी मान हलवली. कधीचंच ठाऊक असल्यासारखी. मुलगी मोठ्यानं रडायला लागली. पण काकांना अजून काही सांगायचं होतं. त्यांनी बोलकीताईचं मनगट पकडलं, आपल्या छातीवर आपटलं, मग ते तसंच धरून भिंतीकडे हात केला.

"भिंत? भिंतीपलीकडे?"

होकार.

"काकू पडल्या तेव्हा... तुम्ही हाक मारलीत?"

काकांनी तोंड उघडलं. "अगं," ते म्हणाले. "अगं! अगं!" मग श्वास घेऊन, बाजारातल्या त्या चालीवर, मानेच्या शिरा फुगेपर्यंत, "एक! दोन! तीन!" आणि पुन्हा, "एक! दोन! तीन!"

त्यांच्याकडे होते नव्हते ते सगळे शब्द.

दारात कपांचा खळखळाट झाला. शिवणवालीनं ट्रे कसाबसा खाली ठेवला. "मी ऐकलं होतं," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, काकांचा अभ्यास चाललाय. मी म्हटलंसुद्धा मनात, आज किती जोरात म्हणतायत, भलं होवो." तिथेच उंबऱ्यावर ती खाली बसली.

बोलकीताईचं मनगट काकांच्या हातात तसंच होतं. 'या' हा एवढासा शब्द. एका अक्षराचा. नंतर घेऊ म्हणून तिनं बाजूला ठेवलेला.

केंद्रात परतल्यावर ती मोठ्या सिस्टरना म्हणाली, "मी राजीनामा देते. उरलेलं वर्ष नको मला."

सिस्टर इंजेक्शनच्या सुया मोजत होत्या. त्या थांबल्या. "मी काकूंना तपासून घ्या म्हणत राहिले. हाताला धरून बसवलं असतं तर बसल्या असत्या. मीही नाही बसवलं." मग सुयांचा डबा बंद करून म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. तुला ते खरं वाटायचं नाही. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात हजर झाली. ज्यांच्या घरी वाचा गेलेलं माणूस होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन तिनं खाटेशी एक थाळी आणि पळी बांधली आणि आजूबाजूच्यांना सांगून आली, हे वाजलं की धावत यायचं. लोक मान डोलवायचे. का, ते गावभर सगळ्यांना कळलं होतं.

मुलगी काकांना आपल्याकडे घेऊन गेली, त्या दिवशी बोलकीताईनं त्यांना जिना उतरायला हात दिला. शिवणवाली दाराआडून बाहेर येईना. काका तिच्या दाराशी थांबले. ती आली, तेव्हा तिच्या डोक्यावर त्यांनी डावा हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. ती हुंदके देत राहिली.

गाडीत बसल्यावर बोलकीताई खिडकीशी वाकली. "काका, तिथे पण तुम्हाला शिकवणारं कुणीतरी शोधू. रोज थोडं थोडं म्हणत राहा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. त्यांनी ओठ घट्ट मिटले, नाही म्हणून मान हलवली आणि चेहरा पुढे वळवला.

तिचं वर्ष संपत आलं तेव्हा मुलीचा फोन आला. बाबा जेवतात, काठी घेऊन चारदोन पावलं टाकतात. पण तुम्ही सांगायला आलात त्या दिवसानंतर एक अक्षर नाही. शिकवायला माणूस येतो, तो समोर बसला की ते डोळे मिटून घेतात.

"त्यांना येत नाही, की त्यांना नकोय?" मुलीनं विचारलं.

"नकोय," ती म्हणाली.

"मग आम्ही काय करायचं?"

पलीकडे घरातले आवाज येत होते, कुणाची तरी पावलं, भांड्यांचा आवाज, आणि त्यात कुठेतरी काकाही बसलेले असणार.

"नका बोलायला लावू," शेवटी ती म्हणाली. "जवळ बसत जा."