हाराखालचा पोचा

"याचा कान कुठं हाय गो?"

हा आवाज फार जुना. पण माझ्या पत्र्यात तो अजून घुमतो. येसूबाई माझ्यासमोर खुर्चीत मांडी घालून बसली होती, कारण पाय खाली सोडून बसणं तिला कधी जमलंच नाही. तिची सून नूतन हिने बोटाएवढा माइक तिच्यापुढे धरला. "हा कान, आत्या. यात म्हणा." येसूबाईने माइककडे पाहिलं, आधी त्याला हळदीचं बोट लावलं, आणि मग डोळे मिटून सूर धरला:

हलद कुटा गो बायांनो, मुसल वाजू द्या हलू,
आईच्या दारची सावली लेकीसंगं लागली चालू.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आता माझ्या पोटात पोकळी आहे आणि अंगावर एक पोचा आहे. बोलायचं त्राण फारसं नाही, तरी ऐका.

माझा जन्म पेणच्या बाजारात एका टेबलावर झाला. पेटी एका खोक्यातून आली, पंखा दुसऱ्या, तारा तिसऱ्याच दुकानातून. चारी गावचे वऱ्हाडी एका मांडवात बसावेत तसे माझे भाग जमले. येसूबाईचा नवरा दिनानाथ मला टेम्पोतून खाडीकाठच्या आपल्या घरी घेऊन आला. त्याचा बाप मिठागरात राबला होता. दिनानाथने मिठाच्या गोणी वाहायला ट्रक घेतला, पुढे आणखी गाड्या आल्या, आणि पडवीत ऑफिस झालं. कुठली गाडी दिघी बंदराला पोचली, कुठली पालीच्या वाटेवर पंक्चर होऊन बसली, ते नूतन माझ्यावर बघायची आणि दिनानाथ फोनवर ओरडायचा.

लोक म्हणत, "शेट, तुमचा कारभारी लय हुशार!"

दिनानाथ माझ्या डोक्यावर थाप मारी. "हुशार तं हायच. जेवन न्हाय, सुट्टी न्हाय. असा डायवर गावला तं मना सांगा."

त्या थापेचंही मला तेव्हा कौतुक वाटे.

येसूबाई धवलारीण होती. आमच्याकडच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. या घराची रीत अशी, की गुरूने हातावर तांदूळ ठेवल्याशिवाय कुणी धवला तोंडातून काढायचा नाही. नुसतं ऐकून उचलला तर तो धवला चोरीचा. गावात येसूबाईनंतर दुसरी कुणी नव्हती. म्हणून तर नूतनने हट्ट करून ते सगळे माझ्या पोटात भरून घेतले.

नूतन स्वतः पालीकडच्या भातशेतीच्या घरातली. आपल्या मनाने लग्न करून ती या मिठाच्या गावात आली. एकदा तिने भीत भीत विचारलं होतं, "आत्या, मला शिकवाल?"

येसूबाई हसली. "तुझ्या जिभेवं अजून भाताचा चीक हाय गो. मुरू दे."

नूतनने पुन्हा कधी विचारलं नाही. पण दुपारी गाड्यांचे फोन थांबले, की ती कानाला हेडफोन लावायची आणि येसूबाईचा एकेक धवला ऐकायची. तिचे ओठ हलायचे, आवाज मात्र निघायचा नाही. एखाद्या ओळीला अडखळली की तीच ओळ पुन्हा. ते हलणारे ओठ फक्त मला दिसत. निदान मला तसं वाटत होतं.

मग येसूबाई गेली. काही काळाने गाड्यांचा हिशेबही मोबाइलवर गेला. खारं वारं लागून माझे स्क्रू गंजले. पाल पंख्यामागे अंडी घालून गेली. माझ्याकडे एकच काम उरलं. संध्याकाळी दिनानाथ बाजेवर पडे आणि म्हणे, "नूतन, लाव गो तिला." तो 'गाणं लाव' असं कधी म्हणाला नाही.

त्याची नात, नूतनची लेक कल्पिता म्हणायची, "आजा, मी सगळं मोबाइलमधी घेऊन ठेवते. ह्याचा काय भरवसा?"

"ती घरात हाय, बरी हाय. खिशात कोंबून कुठं फिरवतेस तिला?"

"मंग उद्या बघू," कल्पिता म्हणे. असे पुष्कळ उद्या गेले.

यंदा कल्पिताचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न लागलं की तिचं. मुलाकडच्यांना हळदीला मोठा डीजे हवा होता. कल्पिताने निक्षून सांगितलं, "डीजे नंतर. आदी माझी आजी."

सगळे खूश झाले. मीही झालो. वाटलं, या थकल्या पेटीचं सार्थक झालं.

आणि दसरा आला. या घरात दसऱ्याला गाड्या धुतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, हार घालतात. दिनानाथच्या मनात आलं, यंदा पूजेला येसूचा आवाज हवा. त्याने मला उचलून अंगणात नेलं. ट्रकचा मागचा फाळका साखळ्यांवर आडवा टेकवला, त्यावर मला ठेवलं, पडवीतून लांब वायर ओढली आणि मला चालू केलं. नूतन आणि कल्पिता आरतीचं ताट आणायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात एका साखळीची कडी सुटली.

मित्रांनो, मी चालू असताना माझ्या पोटातली तबकडी गरगर फिरत असते, आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर एक सुई तरंगत असते. तशा भरात मी घसरलो, खाली ठेवलेल्या स्टेपनीवर आपटलो आणि जमिनीवर आडवा झालो. येसूबाईचा सूर अर्ध्या शब्दात तुटला.

दिनानाथने मला घाईने उभं केलं. माझ्या अंगाला पोचा आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ट्रकसाठी आणलेला झेंडूचा हार त्या पोच्यावर अडकवला.

"आजा, गानं का थांबलं?" कल्पिताने आतून विचारलं.

"लाइट गेली वाटतं," तो म्हणाला.

पुढे जे झालं ते एखाद्या ट्रकवाल्याच्याच हातून होईल. गाडी सुरू होत नसली की तो काय करतो? सेल्फ मारतो. पकडेपर्यंत मारतो. दिनानाथ माझं बटण दाबी. माझा पंखा फिरे, पडदा काळाच राही आणि मी लांब लांब शिट्ट्या घाली. ती माझी हाक होती. आत काहीतरी जागचं हललंय, मला उघडून बघा. पण तो म्हणे, "आवाज तं करतंय. पकडंल आता." पुन्हा बंद, पुन्हा बटण. दर वेळी ती दुखावलेली सुई तबकडीवर घासत होती. मुका मार बसलेल्या माणसाला उठून चाल म्हणावं, तसं ते होतं.

दिवाळीही तशीच गेली. शेवटी नूतनने चौलच्या हेमालीला बोलावलं. ही मुलगी स्कूटरवरून घरोघरी संगणक दुरुस्त करत फिरते. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "पडला-बिडला होता का?"

"न्हाय," दिनानाथ म्हणाला. "लाइट गेली नि बंद पडला."

तिने त्याचं खरं धरलं. विजेची तार बदलली, पॉवर सप्लाय तपासला, दुसरा जोडून पाहिला. सकाळ त्यातच सरली. शिट्ट्या काही थांबेनात. मग माझी बाजू उघडायची म्हणून तिने सुकलेला हार काढला आणि तिचा हात थांबला.

"काका, हे काय?"

झेंडूच्या सुक्या पाकळ्या लादीवर पडल्या.

"मला आधी सांगितलं असतं तर मी आधी इथेच बघितलं असतं. रागवत नाही मी. माझ्या बापानेपण फोन विहिरीत पाडून 'हँग झालाय' सांगितलं होतं."

कल्पिता हसली नाही. "आजा, तुमी पाडलात?"

"कडी सुटली," दिनानाथ खाली बघत म्हणाला. "तुझ्या लग्नाच्या तोंडावं कसा सांगू?"

हेमालीने मला हलक्या हाताने उघडलं. धूळ झाडली, पालीच्या अंड्यांची टरफलं काढली. मेमरीची पट्टी एका टोकाने वर आली होती. ती काढून हेमालीने पट्टीचे दात खोडरबराने पुसले आणि ती पुन्हा खटकन बसवली. मला चालू केलं. एकच छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला!

"आली!" दिनानाथ उठून उभा राहिला.

पण पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं होती. मला माझंच काही आठवत नव्हतं. पोटातून टक, टक, टक असा आवाज येत होता. हेमालीने कान लावला. डिस्कची केबल काढून नवी लावली. तोच आवाज. तिने ताबडतोब वीज बंद केली.

"आता कुणी चालू करू नका. एकदाही नाही. डिस्कला मार लागलाय, आणि त्यावर पुन्हा पुन्हा चालू केलीय ना, ती आतून घासली गेलीय. मुंबईला उघडतात अशा डिस्का. पाठवून बघू. काही निघेल, काही नाही निघणार."

"लग्नाच्या आदी?" कल्पिताने विचारलं.

हेमालीने मान हलवली. मग माझी डिस्क काढून, मऊ कापडात गुंडाळून, तिने ती आपल्या डब्यात ठेवली.

मित्रांनो, ती डिस्क अजून परत आलेली नाही. मी असाच रिकाम्या पोटी पडवीत बसलोय. रागवावं इतकी ताकद राहिली नाही. इतकंच सांगतो, आम्ही पडलो तर पडलो म्हणून सांगा. झाकलेल्या दुखण्याला औषध मिळत नाही. आम्ही शिट्टी घातली तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, आधी थांबा. आणि जे जिवापाड हवं आहे ते माझ्यासारख्या एकाच पेटीत कोंडू नका. पेटी पत्र्याची असते. पत्रा आपटतो.

हेमाली गेल्यावर काय झालं, तेवढं सांगून गप्प बसतो.

कल्पिता दाराला टेकून बसली होती. "राहू द्या आता. डीजेच सांगा त्यांना." मग जरा वेळाने स्वतःशीच गुणगुणू लागली, "खाडीचं पानी खारं, मीठ धरलं त्यानं पोटी..." पुढची ओळ तिला येईना. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडली. आजीची ओळ आपल्यालाही येत नाही म्हणून तिला रडू फुटलं.

नूतन लादीवरच्या पाकळ्या गोळा करत होती. मान वर न करता तिने म्हटलं:

माझ्या जिवाची साखर घातली दुसऱ्याच्या ओटी.

आवाजात म्हटलं. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. जाड, जरासा कापरा, पण सूर तोच, श्वास घ्यायची जागाही तीच. आपण काय केलं हे कळताच तिने तोंडावर पदर धरला.

"चुकले, मामा. तांदूळ न घेता म्हटलं."

दिनानाथ बाजेवरून उठला आणि आत गेला. मला वाटलं, रागावला. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. तो बाहेर आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. तो नूतनपुढे लादीवर बसला. तिच्या हातातल्या पाकळ्या त्याने काढून घेतल्या आणि तिच्या तळहातावर तांदूळ ठेवले.

"हे माझं न्हाय, तिचं हायेत. जाताना तीच सांगून गेली व्हती, माझ्या नावानं नूतनच्या हातावं तांदूल ठेवा." तो माझ्या उघड्या पेटीकडे बघत राहिला. "मीच ठेवलं न्हाय, बाय. वाटायचं, दुसऱ्या कुनी म्हटला तं येसू खरंच गेली असा व्हईल. तिनं तुझं ओठ हलताना बघितलं व्हतं. मना म्हनाली, नूतनला सांगा, मुरलं आता."